चावून पाहिलेली कादंबरी

आता सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही, आणि पटलंच तर माझा आयुष्यभराचा लौकिक धुळीला मिळाला म्हणायचा. माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकबाईंनी चावून पाहिली होती. वाचून नव्हे, चावून. खरं नाणं की खोटं हे बघायला पूर्वी माणसं ते दातांत धरायची, तसा बाईंनी गठ्ठ्याचा उजवीकडचा वरचा कोपरा समोरच्या दातांत धरला आणि डोळे मिटले. ही हकिकत मी घरात कुणालाही सांगितलेली नव्हती. सांगायची वेळ आली ती आज दुपारी. माझी नात कपाटाचं दार उघडून वाकली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या शेजारी थोडी जागा आहे का हो?"

माझ्या शेजारी म्हणजे माझ्या कादंबरीच्या शेजारी. मी स्वतः खिडकीपाशी खुर्चीत बसलो होतो आणि अर्धवट डोळ्यांनी उन्हात तरंगणारी धूळ बघत होतो. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या ब्लँकेटखाली, सुती दोऱ्यानं बांधलेली माझी कादंबरी राहते. घरात सगळ्यांना ती ठाऊक आहे, जसा एखादा मागच्या खोलीत राहणारा, कुणाशी न बोलणारा काका ठाऊक असतो. पाहुण्यांना सांगतात, "आबांनी कादंबरी लिहिलीय बरं का," पाहुणे "अरे वा" म्हणतात, आणि कुणीही "कुठंय?" असं विचारत नाही. नातीला मी ठिणगी म्हणतो. ती दिवसभर एका विमा कचेरीत बसून फोनवर लोकांची करकर ऐकते, आणि उरलेल्या वेळात तिनंही एक कादंबरी लिहिली. ती कादंबरी आज सकाळी प्रकाशकाकडून परत आली होती.

"परत आली?" मी विचारलं.

"आली. वर दोन ओळी. 'आपल्या लेखनाबद्दल आदर आहे, मात्र आमच्या योजनेत बसत नाही.'"

"मग दुसऱ्याच्या योजनेत बसव."

"नको. उगाच दारोदार जाऊन तोंड वेंगाडायचं. इथं ठेवते. तुम्ही ठेवलीतच की, तुमचं काय वाकडं झालं?"

ती हे कुत्सितपणे म्हणाली असती तर मी तिला माझ्या जिभेचं पाणी दाखवलं असतं. पण ती अगदी सरळ म्हणाली, पावसात भिजलेली छत्री कुठं ठेवू असं विचारावं तशी. ब्लँकेट बाजूला सारताना तिचा हात माझ्या गठ्ठ्याला लागला आणि मला इथं, छातीत नाही, हिरडीत टोचलं. टोचणं म्हणजे काय ते मला कळतं. मी उभा जन्म कवळ्या केल्या. नवी कवळी पहिल्या दिवशी टोचतेच. कुठंतरी मोहरीएवढा उंचवटा राहून गेलेला असतो, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि तोंडात मात्र डोंगर होऊन बसतो. तिचं ते वाक्य तसं बसलं. काय वाकडं झालं? काहीच नाही. जेवलो, झोपलो, मुलं वाढवली, केस पांढरे केले. वाकडं काहीच झालं नाही आणि तरी जीभ सारखी तिथंच जात राहिली.

आमच्या धंद्याची एक गंमत सांगतो. त्यात माणूस दिसत नाही. पुढच्या खोलीत डॉक्टर माणसाच्या तोंडात ठशाचा मसाला कोंबायचे, तो ठसा भिंतीतल्या एका चौकोनी झडपेतून मागच्या खोलीत माझ्याकडे यायचा, मी त्यात प्लास्टर ओतायचो, आणि थोड्या वेळानं हातात एक पांढराशुभ्र जबडा पडायचा, अजून कोमट. कोमट असायचा म्हणून तो मला नेहमी जिवंत वाटे. झडपेपलीकडे कुणी खोकायचं, कुणी "दुखेल का हो?" विचारायचं, कुणी नुसतंच खुर्ची करकरवायचं. चेहरा नाही. मी या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आतून ओळखतो, आणि रस्त्यात धक्का लागला तरी ओळखणार नाही. कोण झोपेत दात खातो, कोण एकाच बाजूनं चावतो, कुणी राग गिळून गिळून टाळू खोल केली आहे, हे सगळं प्लास्टरमध्ये उमटतं. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा आणि बसवता बसवता त्या जबड्याला एक माणूस चिकटवायचा, ही माझी करमणूक. याला एक भांडकुदळ बायको दे, त्याला एक पळून गेलेला मुलगा दे. निवृत्त झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवण म्हणून काय हवं? मी तीन जुने जबडे मागितले. त्यांना वाटलं म्हातारा चळला. तेच हे, खिडकीच्या फळीवर बसलेले. दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं की ते काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे दिसतात.

पण कादंबरी त्यांच्यावर नव्हती. कादंबरी आईवर होती. माझ्या जन्मानंतर आईचे पुढचे दात गेले, आणि मला आठवतं तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसायची. हसायची खूप, दाराआडून ऐकलं तर वाटावं घरात लग्न आहे, पण समोर गेलं की हात वर. त्या हातावर हळूहळू तिचं सगळं हसू जमा झालं असावं, कारण ताप आला की तोच हात ती माझ्या कपाळावर ठेवायची आणि मला उगाचच हसू यायचं. मी हा धंदा धरला तो तिच्यासाठी. शिकलो, हात बसला, आणि एका रविवारी तिच्यापुढं मेणाची पट्टी धरून म्हणालो, "आई, चाव. ठसा घेतो." ती हात न काढता म्हणाली, "असू दे रे. आता हा हात रिकामा बसवून मी काय करू?" त्यानंतर मी लिहायला बसलो. लिहिताना मला नेहमी वाटायचं की मी दोन बोटांनी, अगदी सावकाश, तिचा तो हात खाली घेतो आहे. शेवटच्या पानावर तो खाली येतो. त्या पानावर मी रडलो की कसं ते विचारू नका. प्लास्टरची धूळ डोळ्यात जायचीच.

हे ठिणगीला कसं सांगणार? म्हणून मी म्हणालो, "ये, बस इथं. ती काखेतली कादंबरीची पिशवी मांडीवर घे, कपाटात नको. कपाटात ठेवायला आधी पात्रता लागते."

"ठेवायला पात्रता?"

"नाहीतर काय! तुझी एकानं परत केली. माझ्या कादंबरीला तिघांनी छळलंय. एकानं तर... पण तुझा विश्वास नाही बसायचा."

"कधी बसलाय?" असं म्हणून ती फळीला टेकून उभी राहिली. पिशवी मांडीवर नाही, पण काखेत तरी राहिली. एवढं पुरे होतं. मासा गळाशी येऊन बघत होता.

मग मी डोळे मिटले आणि पहिल्या प्रकाशकाच्या जिन्यावर पाऊल टाकलं. तो जिना लाल होता, मऊ होता, आणि वर जाता जाता अरुंद होत जाणारा, जिभेसारखा. वरची खोली कमानीची, छताला आडव्या वळ्या वळ्या. मधोमध प्रकाशक. भला माणूस, पुढच्या दोन दातांत अशी फट की बोलताना वाऱ्याची शीळ वाजायची आणि टेबलावरचे कागद हलायचे. त्यानं गठ्ठ्याला हातच लावला नाही. म्हणाला, "वाचायला वेळ कुणाला आहे? तोंडानं सांगा. काय होतं तुमच्या कादंबरीत?"

मी म्हणालो, "एक बाई तोंडावर हात धरते."

"बरं. मग?"

"शेवटी काढते."

"आणि मधे?"

"मधे जगते."

"खून नाही?"

ठिणगी फस्सकन हसली. "विचारलं असेल, विचारलं असेल. मलाही एकानं विचारलं, भूत आहे का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी गप्प बसले. तुम्ही?"

"मी म्हणालो, करू की. एक करू. लागला तर दोन करू." आणि खरोखर, त्या कमानीच्या खोलीत, त्याच्या शिळेच्या तालावर, मी उभ्या उभ्या खून केला. शेजारच्या सावकाराला मारला. सुरी आणली, रक्त आणलं, आईच्या हातावर त्याचे शिंतोडे पाडले. प्रकाशक पुढं वाकला, त्याची फट आनंदानं रुंदावली. मी जिना उतरू लागलो तसा तो लाल जिना मला ओला लागायला लागला. रस्त्यावर आलो तर समोरून येणारी प्रत्येक बाई तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होती. "तेव्हा ठिणगे, पहिला धडा. कवळी तोंडासाठी करतात. पण आधी नीट बघायचं, तोंड कुणाचं. प्रकाशकाच्या मापानं केली तर प्रकाशकाला बसेल, आणि मग माझी आई बोळकीची बोळकीच."

फळीवरचा एक जबडा उचलून तिनं त्याच्यावरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली आणि खाली ठेवला. मला बरं वाटलं. हाताला चाळा लागला की माणूस उठून जात नाही.

दुसरा दलाल होता. हो, कादंबरीलाही दलाल असतो, हे मला तेव्हाच कळलं. घराला असतो, जमिनीला असतो, लग्नाला तर असतोच. तो आपली चीज घेऊन प्रकाशकांच्या दारी जातो आणि आपण घरी बसून नखं खायची. हा ओठाच्या डाव्या कोपऱ्यात सतत पाइप धरायचा. डावीकडचे त्याचे दात झिजून पायऱ्या झाल्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवरून शब्द घरंगळत खाली यायचे, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य उताराला लागलेलं. त्याची खोली धुरानं भरलेली. मी किती वेळ बसलो ते कळलं नाही. धुरात कधी तो दिसायचा, कधी नुसताच पाइप. त्यानं पहिलं पान वाचलं. तेवढंच. म्हणाला, "म्हातारी बाई कोण वाचणार? तरुण करा तिला."

"अहो, ती माझी आई आहे."

"मग? तुमची आई काय म्हातारीच जन्मली?"

इथं मी थांबलो. सांगता सांगता थांबलो, कारण हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईचे दात माझ्या जन्मानंतर गेले, म्हणजे त्यापूर्वी होते. सगळे होते. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी रस्त्यावर एक मुलगी दोन्ही हात हलवत, तोंड उघडं टाकून, दात दाखवत हसली असणार, आणि ते हसू बघणाऱ्यांत मी नव्हतो. मी यायचाच होतो, आणि मी आलो म्हणूनच ते गेलं. इतकी पानं लिहिली आणि ती मुलगी एकाही पानावर नाही. इतक्या वर्षांत मला ती सुचली नाही. कुणी विचारलंच नाही ना. मला एकदम गठ्ठा सोडून पेन हाती घ्यावंसं वाटलं. हात नुसताच खुर्चीच्या दांड्यावर हलला.

"आबा? झोपलात का?"

"छे. धूर झालाय."

"कुठं?"

"दलालाकडे. दुसरा धडा. मूर्खातला मूर्ख माणूससुद्धा बोलता बोलता एखादी खरी गोष्ट बोलून जातो. ती उचलायची, बाकीचं त्याच्याच टेबलावर ठेवायचं आणि नमस्कार करून निघायचं. पण त्यासाठी त्याच्यापुढं जावं तर लागतं! घरात बसून कोण विचारणार तुला, तुमची आई म्हातारीच जन्मली का म्हणून?"

"हे मात्र खरं बोललात," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा रोखून बघितलं. तिनं दुसरा जबडा उचलला. तो तिनं पुसला नाही. नुसता उन्हात धरून फिरवत राहिली, डावी बाजू, उजवी बाजू. मी घाई केली. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची नजर कळते. गिऱ्हाईक वजनाच्या काट्याकडे बघायला लागलं की दुकानदारानं गप्पा वाढवाव्यात.

"आता तिसऱ्या बाई. यांच्याबद्दल मी आजवर कुणाला बोललो नाही. छोटी जिवणी, बारीक बारीक दात, दुधाचे पडलेच नाहीत असं वाटावं. खोलीत पुस्तक एक नाही. खिडकी उघडी आणि पांढरा उजेड. मी खून सांगायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, शूः. गठ्ठा घेतला, वजन केलं, वास घेतला. आणि हा कोपरा, उजवीकडचा, वरचा, दातांत धरला. हळूच. मेण चावायला सांगतो ना आपण, तसा. मला कागद दबल्याचा आवाज ऐकू आला. मग म्हणाल्या, कच्ची आहे अजून. मेणावर आहे."

"मेणावर म्हणजे?"

"आमच्यात कवळी पहिल्यांदा पक्की करत नाहीत. दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. मग ती परत येते. येतेच! डॉक्टर निळा कागद चाववून घेतात, जिथं जास्त लागतं तिथं निळा ठिपका उमटतो. परत आली म्हणून आम्ही काय फेकून दिली? ठिपका बघायचा, तेवढाच घासायचा, पुन्हा झडपेतून पुढं सरकवायची. बाई म्हणाल्या, कुठं टोचते बघून आणा. म्हणून सांगतो पोरी, तुझी परत आली ती परत नाही आली. ती ठिपका घेऊन आली. आणि त्या मेल्यानं ठिपका न काढताच धाडली असेल, तर त्याला फोन कर, विचार, बाबा रे, टोचलं कुठं? करकर ऐकायची सवय आहेच तुला."

मी दमलो. ऊन फळीवरून सरकून तिच्या हातावर आलं होतं. मला वाटलं, जमलं. तिच्या काखेतली पिशवी आता काखेत नव्हती. तिनं ती दारापाशी, स्वतःच्या चपलांशेजारी नेऊन ठेवली होती, आणि कधी ठेवली ते मला दिसलंही नव्हतं. बाहेर जायच्या वस्तू आम्ही तिथं ठेवतो. मी मनातल्या मनात तिन्ही जबड्यांना हात जोडले.

"आणि मग?" ठिणगी म्हणाली.

"मग काय?"

"बघून आणा म्हणाल्या ना बाई? मग नेलीत परत?"

"नेणार होतो," मी म्हणालो. "पण बाईंचं... म्हणजे त्यांची ती खोलीच नंतर सापडेना. जिना चुकलो असेन."

ती कपाटापाशी गेली. खाली बसली. ब्लँकेट काढलं, माझा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून उजेडात आणला. इतक्या वर्षांनी तो उजेडात आलेला बघून मला तो लहान वाटला, आजारातून उठलेल्या माणसासारखा. तिनं वर बघितलं. "कुठला कोपरा म्हणालात?"

"उजवा. वरचा."

"कोरा करकरीत आहे."

"तेव्हाचा कागद चांगला होता. भरून येतो तो."

"आबा." तिनं गठ्ठा फळीवर ठेवला आणि शेजारी ते तीन जबडे ओळीनं लावले. पहिल्यावर बोट ठेवलं. दोन दातांतली फट. दुसऱ्यावर. डावीकडच्या झिजलेल्या पायऱ्या. तिसरा, सगळ्यांत छोटा, तिनं तळहातावर घेतला आणि मला दाखवला. त्याचे बारीक बारीक दात उन्हात दुधासारखे दिसत होते. मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्यापाशी नेहमी काहीतरी असतं. पण बोलण्याआधीच माझा हात उचलला गेला होता आणि तोंडावर येऊन बसला होता, आणि तो कुणाचा हात आहे ते मला ओळखू आलं. ठिणगी जवळ आली, माझ्या पायाशी बसली, दोन बोटांनी तो हात सावकाश खाली घेतला, आणि माझ्या मांडीवर गठ्ठा ठेवून दोऱ्याची गाठ सोडत म्हणाली,

"खोटं बोलताय. हे तिघं कधी या फळीवरून उठले नाहीत, आणि ही तुम्ही कुणालाच दाखवली नाहीत. सरका जरा, पहिला नकार मी देते."